नोरावरचा खटला



एका बाईवर गेली सुमारे दीडशे वर्षे खटला चालू आहे. ही बाई कधी जन्माला आली नाही, की मेली नाही. ती एका नाटकातले पात्र आहे. तिच्यावर आरोप असा की, तिने एका रात्री नवऱ्याचे घर सोडले आणि तीन मुले मागे ठेवली. साक्षीदार म्हणाल तर दर प्रयोगाला पाच-सातशे, आणि न्यायाधीशही तेच. तिकीट काढून जो खुर्चीवर बसला तो न्यायाधीश झाला.

मी कामगार चळवळीतला माणूस. नाट्यशास्त्र हा माझा विषय नव्हे, आणि माझे शिक्षण म्हणाल तर ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. परंतु कारखान्यातली खातेनिहाय चौकशी कशी चालते हे मी तीस वर्षे पाहिले आहे. एकाच गैरवर्तनाबद्दल एका कामगाराला तोंडी समज मिळते आणि दुसऱ्याला बडतर्फी मिळते, तेव्हा आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नियम एक, तर शिक्षा दोन का? मग आम्ही जुनी दप्तरे काढायला लावतो. आज मी नोराच्या बाबतीत तेवढेच करणार आहे. ती बरोबर होती की चूक, हा निकाल देण्यासाठी मी उभा नाही. तिच्या न्यायाधीशांचे जुने दप्तर तपासावे, एवढाच माझा हेतू आहे.

हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराचे ‘बाहुलीचे घर’ हे नाटक ४ डिसेंबर १८७९ रोजी पुस्तकरूपाने निघाले आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला. पुस्तकाच्या आठ हजार प्रती महिनाभरात संपल्या. कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. टॉरवाल्ड हेल्मर हा नुकताच बँकेचा व्यवस्थापक झालेला गृहस्थ. नोरा ही त्याची बायको. तो तिला चिमणी म्हणतो, खार म्हणतो. खाऊ खाल्ला का म्हणून दटावतो. आठ वर्षांपूर्वी हा हेल्मर मरणाच्या दारी होता. दक्षिणेकडच्या उबदार देशात नेले तरच वाचेल, असे डॉक्टरांनी नोराला सांगितले होते. नवऱ्याच्या संमतीवाचून बायकोला कर्ज काढता येत नसे. नोराने क्रॉगस्टाड नावाच्या माणसाकडून चोरून कर्ज काढले आणि जामीन म्हणून बापाची सही स्वतःच केली. बाप मरणपंथाला लागला होता. सहीखाली जी तारीख पडली ती त्याच्या मृत्यूनंतर तीन दिवसांची! नवरा वाचला. पुढे आठ वर्षे ही बाई कपड्यालत्त्याच्या पैशांतून वाचवून, रात्री दार लावून नकला उतरवण्याचे काम करून, गुपचूप हप्ते फेडत राहिली. हे उघडकीस येते तेव्हा हेल्मर तिला खोटारडी म्हणतो, गुन्हेगार म्हणतो. थोड्याच वेळात धोका टळला असे कळताच तो म्हणतो, मी तुला क्षमा केली. त्या क्षमेनंतर नोरा त्याला समोर बसवते, काय बोलायचे ते बोलते आणि निघून जाते. पडदा पडतो तो खाली दार आपटल्याच्या आवाजावर.

त्या आवाजाने युरोप दचकला. त्या हिवाळ्यात तिकडच्या घरांतून जेवणाच्या निमंत्रणावर ‘कृपा करून या नाटकाचा विषय काढू नये’ अशी सूचना लिहीत, असे सांगतात. चर्चा सारी एकाच प्रश्नाभोवती फिरे : आई असून ती गेलीच कशी?

आता दप्तर उघडू. पहिला कागद १८६६ सालचा. याच इब्सेनने त्या वर्षी ‘ब्रांड’ नावाचे काव्यनाटक प्रसिद्ध केले. ब्रांड हा धर्मोपदेशक. सर्वस्व किंवा काहीच नाही, असा त्याचा बाणा. आई मरायला टेकली, तरी तिने सारी मालमत्ता सोडल्याशिवाय तिला अंत्यसंस्काराचा प्रसाद द्यायला तो जात नाही. ऊन न पोचणाऱ्या त्या खाडीत त्याचे मूल आजारी पडते. डॉक्टर सांगतो, येथून हलवा, नाहीतर पोर जाईल. ब्रांडचा पाय क्षणभर अडखळतो. मग कर्तव्य आठवून तो राहतो आणि पोर जाते. बायको मेलेल्या लेकराचे कपडे उराशी धरून बसलेली असते, ते शेवटच्या टोपड्यापर्यंत तो तिला दान करायला लावतो. पुढे तीही मरते. या नाटकाने इब्सेनला काय मिळाले? कीर्ती. त्याच वर्षी नॉर्वेच्या संसदेने त्याला वार्षिक मानधन मंजूर केले. वाचकांत ब्रांडबद्दल वाद झाले, नाही असे नाही. परंतु ते वाद तत्त्वाचे होते, ध्येयवादाला मर्यादा असावी की नसावी अशा थाटाचे. ‘बाप असून त्याने पोराला मरू दिलेच कसे?’ हा सवाल घेऊन कोणी दिवाणखान्यात भांडले नाही. नोराची मुले तर जिवंत होती. दाईपाशी, उबदार घरात झोपली होती.

दुसरा कागद ‘पेर ग्युंट’चा, १८६७ सालचा. हा बहाद्दर दुसऱ्याची नवरी लग्नमंडपातून पळवतो आणि दुसऱ्या दिवशी टाकून देतो. सोल्वाइग नावाची मुलगी त्याच्यासाठी आपले घरदार सोडून डोंगरात येते, तिला ‘आलोच’ म्हणून जातो आणि म्हातारा होऊन परततो. मधल्या काळात अमेरिकेला गुलाम आणि चीनला मूर्ती विकून पैसा केलेला. सोल्वाइग तोवर वाट पाहत बसलेली. ती त्याला मांडीवर घेऊन अंगाई गाते. ग्रीगच्या संगीतासह हे नाटक १८७६ च्या फेब्रुवारीत क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, रंगभूमीवर आले आणि लोकांनी डोक्यावर घेतले. पेर लबाड खरा, पण किती लोभस! आणि सोल्वाइग म्हणजे तर स्त्रीत्वाचा आदर्श! घर सोडून जाणे हे गैरवर्तन एकच. पेरला तोंडी समज, तीही हसत हसत.

आता कोणी म्हणेल, ती काव्यनाटके, हे वास्तव. तुलना बरोबर नाही. ठीक. मग याच नाटकाच्या आत पाहू.

क्रॉगस्टाडनेही पूर्वी खोटी सही केलेली आहे. तोही मुलाबाळांचा धनी. शेवटच्या अंकात क्रिस्टीन लिंडे ही विधवा, त्याची जुनी प्रीती, त्याचा हात धरते आणि प्रेक्षक समाधानाचा नि:श्वास टाकतात : चला, बिचाऱ्याचे घर उभे राहिले! त्याच्या सहीबद्दल पुढे कोणी विचारत नाही. खुद्द पहिल्या अंकात हेल्मर नोराला सांगतो की, लहानपणी बिघडलेल्या बहुतेक माणसांच्या आया खोटारड्या असतात. आयाच का, असे ती विचारते. त्यावर तो म्हणतो, बापही असतात, पण बहुधा आयाच. तो व्यवसायाने वकील आहे, तेव्हा अनुभवाने बोलत असेल!

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. गुपित फुटल्यावर हेल्मर काय शिक्षा फर्मावतो? घरात राहा, लोकांना काही कळता कामा नये. पण मुले तुझ्या हाती देणार नाही, तू त्यांना वाढवायला लायक नाहीस. म्हणजे मुलांपासून आईला तोडण्याचा ठराव प्रथम नवऱ्याने मांडला. नोरा नंतर जे म्हणते, की मी अजून स्वतःच वाढलेली नाही, मुलांना काय वाढवणार, ते त्याच ठरावाला दिलेले अनुमोदन आहे. तेच विधान नवऱ्याच्या तोंडी आले तेव्हा प्रेक्षागृह शांत होते. बायकोच्या तोंडी आले तेव्हा बोंब झाली.

आणि तिसरी ती दाई, आन मारी. तिच्याकडे टीकाकार सहसा वळत नाहीत. माझ्यासारख्याचे लक्ष मात्र प्रथम तिच्याकडेच जाते. दुसऱ्या अंकात नोरा तिला विचारते, स्वतःचे मूल परक्यांच्या हवाली करून तू मला पाजायला आलीस, तुझ्याने हे करवले कसे? दाई सांगते, इतकी चांगली जागा मिळत होती, न करून सांगते कोणाला. फसलेल्या गरीब पोरीला तेवढेच पुष्कळ. त्या हरामखोराने तर काहीच केले नाही. मुलगी आईला विसरली असेल, असे नोरा म्हणते. त्यावर दाई अभिमानाने सांगते की नाही, तिची दोन पत्रे आली, एक धर्मदीक्षेच्या वेळी आणि एक लग्न झाल्यावर. साऱ्या आयुष्यात दोन पत्रे! ज्या प्रेक्षकांना नोराच्या मुलांचा एवढा कळवळा आला, त्यांतल्या कोणाला या मुलीबद्दल काही वाटल्याचे मी कोठे वाचले नाही. पोटासाठी मूल सोडले तर ती सोय, आणि मनासाठी सोडले तर ते पाप, असा हा हिशेब आहे. शिवाय पहिल्या सोयीवर कोणाचे तरी घर चालते.

जर्मनीत या नाटकाचे काय झाले, ते आता ऐका. हेडविग नीमान-राबे ही तिथली नामांकित नटी. तिने भूमिका घ्यायचे कबूल केले, पण शेवट करणार नाही म्हणाली. मी स्वतः माझ्या मुलांना सोडून कधीही जाणार नाही, हे तिचे कारण. खुनी राजाची भूमिका करणाऱ्या नटाने ‘मी कधी खून करणार नाही, सबब हा प्रवेश गाळा’ असे म्हटल्याचे कोणी ऐकले आहे काय? परंतु नटीचे म्हणणे सर्वांना रास्त वाटले. त्या वेळी जर्मनीत परदेशी लेखकाच्या हक्काला कायद्याचे संरक्षण नव्हते. कोणीही उठून नाटक मोडतोड करून लावावे. तेव्हा दुसऱ्या कोणी हात घालण्यापेक्षा आपणच घालावा, अशा विचाराने इब्सेनने स्वतः पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर तिला मुलांच्या झोपायच्या खोलीच्या दाराशी ओढून नेतो. मुले पाहून तिचे पाय गळतात आणि ती खाली बसते. पडदा. फेब्रुवारी १८८० मध्ये फ्लेन्सबुर्ग येथे हा शेवट रंगभूमीवर आला. हा आपल्या कृतीवरचा रानटी अत्याचार आहे, असे इब्सेनने त्याच महिन्यात वृत्तपत्राला जाहीरपणे कळवले. पण लिहून दिला तो दिलाच.

लंडनमध्ये आणखी मौज. १८८४ साली तेथे ‘ब्रेकिंग अ बटरफ्लाय’ नावाचे रूपांतर झाले. त्यात नवरा थोर मनाने सारा दोष स्वतःवर घेतो आणि बायको घरीच राहते. खरे नाटक ७ जून १८८९ रोजी नॉव्हेल्टी थिएटरात जेनेट ॲचर्चने उभे केले. लगेच जानेवारी १८९० मध्ये वॉल्टर बेझंट या लोकप्रिय कादंबरीकाराने पुढची गोष्ट लिहून टाकली : वीस वर्षे उलटली आहेत, नोरा गेल्यामुळे हेल्मर दारुडा झाला आहे, घराची धूळधाण झाली आहे, आणि मुलगी शेवटी जीव देते. सगळ्याचे पाप कोणाच्या माथी, हे सांगायला नको. दारू हेल्मर प्याला, पण पेला नोराने भरला!

या बेझंट आडनावाशी आपले नाते आहे. ॲनी बेझंट या वॉल्टरच्या धाकट्या भावाच्या, फ्रँकच्या, पत्नी. हा फ्रँक धर्मोपदेशक होता. ॲनीबाईंनी १८७३ साली नवऱ्याचे घर सोडले. त्यांनी मुलीला टाकले नव्हते, बरोबर नेले होते. तरी १८७८ साली न्यायालयाने ती मुलगी, मेबल, बापाच्या स्वाधीन केली. कारण काय, तर आई नास्तिक आहे आणि तिने संततिनियमनाची पुस्तिका छापली. आता हे दोन्ही कागद शेजारी ठेवा. जी आई मुलांना ठेवून गेली ती निर्दय. जी घेऊन गेली तिच्या हातातून मूल काढून घेतले. थोरल्या दिराने गोष्ट लिहिताना भावजयीचा विचार केला की नाही, हे मी कसे सांगू? पण लंडनच्या काडेपेटी कारखान्यातील मुलींचा १८८८ सालचा संप ज्यांच्या लेखणीमुळे पेटला त्या याच ॲनीबाई, आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षस्थानी बसल्या त्याही याच.

संपाचा विषय निघाला म्हणून एलिनॉर मार्क्सबद्दल थोडे बोलू द्या. कार्ल मार्क्सची ही धाकटी मुलगी. लंडनच्या गॅस कामगारांची युनियन १८८९ साली उभी राहिली, तिच्यात ती हिरिरीने राबली. सिल्व्हरटाऊन भागातल्या स्त्री कामगारांची शाखा तिने बांधली. आमच्या धंद्यातलीच म्हणा ना. इब्सेन मुळातून वाचता यावा म्हणून ती नॉर्वेजियन शिकली आणि त्याची नाटके तिने इंग्रजीत आणली. १५ जानेवारी १८८६ रोजी आपल्या बिऱ्हाडी तिने ‘बाहुलीच्या घरा’चे वाचन ठेवले. नोरा ती स्वतः. हेल्मर तिचा जोडीदार एडवर्ड एव्हलिंग. आणि क्रॉगस्टाड कोण, तर बर्नार्ड शॉ! पुढे १८९१ साली इझ्राएल झँगविलच्या साथीने तिने ‘डॉल्स हाऊसची दुरुस्ती’ नावाचे विडंबन लिहिले. इंग्रज सभ्य गृहस्थांना हवा तसा शेवट त्यांना करून दिला, की घ्या, आता झोप लागेल. विनोदाने जे साधते ते ठरावांनी साधत नाही, हे मी आमच्या कार्यकारिणीत पुष्कळदा सांगितले आहे.

पण या साऱ्या प्रकरणात खरी शिक्षा झाली ती एका जिवंत बाईला. लॉरा कीलर तिचे नाव. गंमत पाहा, तिचे पहिले पुस्तक म्हणजे ‘ब्रांडच्या मुली’, त्याच ब्रांडला १८६९ साली दिलेले उत्तर. त्यावरून इब्सेनशी ओळख झाली. तोही तिला पाखराचेच नाव घेऊन हाक मारी. लग्नानंतर नवऱ्याला क्षय झाला. त्याला इटलीत नेण्यासाठी तिने चोरून कर्ज काढले. फेडता येईना, तेव्हा एक हस्तलिखित इब्सेनकडे पाठवून प्रकाशकाकडे शिफारस करण्याची विनंती तिने केली. त्याला ते लिखाण पसंत पडले नाही. त्याने नकार दिला. मग तिने खोटी सही केली आणि पकडली गेली. ज्याचे प्राण वाचवले त्या नवऱ्याने १८७८ साली तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवले आणि मुलांपासून तोडले. महिन्याभराने ती बाहेर आली आणि मुलांसाठी पुन्हा त्याच्याच घरी नांदली. नाटकातली नोरा दार लावून गेली. खरी नोरा दार उघडण्याची वाट पाहत होती. वर्षभरात नाटक आले आणि ओळखीपाळखीचे लोक तिला ‘नोरा’ म्हणू लागले. ती १९३२ पर्यंत जगली, पुस्तके लिहिली, पण हे नाव काही सुटले नाही. इब्सेन मोठा नाटककार होता याबद्दल मला शंका नाही, आणि १८८४ साली विवाहित स्त्रियांना स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या अर्जावर त्याने सही केली होती, हेही मी विसरत नाही. तरीही लॉराच्या बाबतीत त्याचा हिशेब चुकता झाला नाही, असे माझे मत आहे.

नवऱ्याजवळ राहिली असती तर नोराला लोकांनी नावाजले असते काय? त्याचेही उत्तर इब्सेनने १८८१ च्या ‘भुते’ नाटकात देऊन पाहिले. त्यातली आल्व्हिंगबाई वर्षभरात नवऱ्याचे घर सोडून पाद्र्याकडे जाते, पाद्री कर्तव्याचे पाठ देऊन परत पाठवतो, आणि ती राहते. बाहेरख्याली नवऱ्यावर पांघरूण घालत आयुष्य काढते. शेवटी बापाचा रोग मुलाच्या अंगात निघतो. नोराला जो उपदेश झाला तो हिने अक्षरशः पाळला होता. त्या नाटकाला तर स्कँडिनेव्हियातली नाट्यगृहे दार उघडीनात. पहिला प्रयोग १८८२ साली समुद्रापलीकडे शिकागोला झाला.

आपल्याकडे काय होते, असे आपण विचाराल. फ्लेन्सबुर्गला नोराला खाली बसवले त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखून नाकारतो. कालिदासाने त्याला वाचवण्यासाठी दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, आणि प्रेक्षक आजवर त्या शापावर खूष आहे. नायकाचा अपराध असला की शाप शोधावा लागतो. नायिकेच्या अपराधाला कारण शोधण्याची कोणाला घाई नसते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू घ्या. १९१९ साली हे नाटक आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले. मीही ते वाचताना रडलो आहे. दारुड्या सुधाकराच्या हातून मूल जाते, तिला मरणाची जखम होते, आणि मरतामरता ती नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसाला खोटा जबाब देते. नोराने नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी सही केली. कायद्याच्या दृष्टीने दोघी खोट्याच. पण एक मेली, म्हणून देवी झाली.

नोरा मराठीत अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून १९४१ साली आली. पुढल्याच वर्षी मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’ आले. त्यातल्या ज्योत्स्ना भोळ्यांच्या भानुमतीचे नाते समीक्षकांनी नोराशी जोडले आहे.

आणि एकदा ती आमच्या युनियनच्या कचेरीतही आली होती. पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी नाटक हवे होते. मी शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजीवरून हे नाटक मराठीत उतरवले होते; ते सर्वांना वाचून दाखवले. तीन अंक माणसे तल्लीन होऊन ऐकत होती. शेवट झाला आणि गलका उठला. “भाऊ, बाकी सगळं झकास, पण पोरं टाकून जाते हे पटत नाही. पब्लिक खुर्च्या मोडंल.” हे म्हणणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते की जे संपाच्या काळात अटक चुकवायला चार महिने गावाबाहेर राहिले होते, घरी बायको आणि दोन पोरे. परत आले तेव्हा आम्ही त्यांची मिरवणूक काढली, आणि हार मीच घातला. ‘पोरे कोणापाशी होती’ हे मी त्यांना विचारले नाही. आमच्याच एक भगिनी मात्र त्या सुमारास तीन दिवसांच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा स्थानकावर मी त्यांना केलेला पहिला प्रश्न होता, “बाळ कोणाकडे ठेवलं?” काळजीने विचारले होते. त्यांनी सासूचे नाव सांगितले, आणि मग माझे समाधान झाले.

तर मी शेवट बदलला. एका रात्रीत बसून लिहिला. मुलगी झोपेतून उठून ‘आई’ म्हणते, नोराच्या हातातली पिशवी गळून पडते, हेल्मर हात जोडतो. प्रयोगाला टाळ्या पडल्या. इब्सेनने नीमान-राबेबाईंसाठी जवळजवळ हेच लिहिले होते, हे मला पुढे कित्येक वर्षांनी वाचनालयात एक चरित्र चाळताना कळले. त्याने निदान त्याला अत्याचार म्हटले होते. मी तर बक्षिसाची वाट पाहत बसलो होतो.

दाईची भूमिका पॅकिंग खात्यातल्या एका बाईंनी केली होती. प्रयोगानंतर चहा पिताना त्या म्हणाल्या, “भाऊ, मी माझं लेकरू दुसऱ्याला दिलं म्हणून सांगते, तवा कोणी चुळबूळसुद्धा केली नाही हो. आन् ती नुस्ती जाते म्हणली तर एवढं?” नंतर थोडे थांबून, “जाऊन तरी खाणार काय व्हती ती? तिला काम कोण देणार?”

हाच प्रश्न लू शुन या चिनी लेखकाने २६ डिसेंबर १९२३ रोजी पेकिंगच्या मुलींच्या शिक्षणसंस्थेत व्याख्यानाला घेतला होता : नोरा गेल्यावर पुढे काय? त्याचे म्हणणे असे की, पिशवीत पैसा नसेल तर तिला दोनच वाटा, बिघडणे किंवा परत येणे. म्हणून आधी आर्थिक हक्क मिळवा. ऑस्ट्रियाची एल्फ्रीडे येलिनेक, जिला २००४ साली नोबेल मिळाले, तिने १९७९ साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या नाटकात नोराला कापड कारखान्यात कामाला लावले, आणि शेवटी हेल्मरच्याच घरी परत आणून बसवले. तो शेवट कडू आहे, पण कारखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना खोटा वाटणार नाही. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा आढळले की, तान्ह्या पोरांना अफूची ‘बाळगोळी’ चारून आया पाळीला जातात. प्रसूतीच्या रजेचा मुंबई प्रांताचा कायदा १९२९ चा. पाळणाघराची सक्ती १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने आली. ती सक्ती कागदावरून खोलीत उतरवण्यासाठी आम्ही एके ठिकाणी सहा वर्षे झगडलो. त्या सहा वर्षांत शेकडो आया रोज सकाळी मुले मागे ठेवून फाटकातून आत जात होत्या, आणि ‘आई असून जातेच कशी’ असे व्यवस्थापनाने कोणाला विचारले नाही. उशीर झाला तर मात्र विचारत.

नीमान-राबेबाईंनी पुढे तो पर्यायी शेवट सोडून दिला आणि मूळचाच करायला घेतला. म्युनिकमध्ये तर मारी रामलो या नटीने मार्च १८८० मध्येच मूळ शेवट करून दाखवला होता, खुद्द इब्सेन समोर बसलेला असताना. आमच्या नाटकाचा दुसरा प्रयोग झाला नाही. ती पॅकिंग खात्यातली बाई निवृत्त होऊन मुलीकडे गेली. बदललेल्या शेवटाची वही युनियनच्या कपाटात आहे. मूळ शेवटाची पाने मी त्या वेळी फाडून टाकली होती, ती पुन्हा लिहायला घेतली आहेत.